तात्यांच्या सत्कारात आलेला तळहात

शिवकन्या आपल्या मागच्या गल्लीत राहते आणि घरी बसून लग्नांच्या व्हिडिओचं मिक्सिंग करते. म्हणजे शूटिंगवाल्यानं आणलेले तुकडे कापून, जोडून त्यांची फिल्म तयार करते. रोज तेच काम करणारी माणसं कंटाळत कशी नाहीत, असं तुम्ही दोघा नातवंडांनी मागं परदेशातून फोनवर विचारलं होतं, म्हणून मी तिला चार दुपारी समोर बसवून बोलतं केलं. तिचं बोलणं मी सुधारलेलं नाही. मोठ्यानं वाचा, म्हणजे अडणार नाही.

आमचं गाव युसूफ वडगावच्या पुढं, बाई, पण माझा जन्म गावातला न्हाई, उसाच्या फडातला. दसरा झाला की आमचं गाव रिकामं व्हायचं, दाराला कुलपं, म्हातारी माणसं तेवढी मागं, बाकी सगळे गाड्या भरून कारखान्याकडं. नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणत्यात आमच्यात, माणसं दोन पण धरायचा कोयता एक. माझ्या माय-बापाचा असाच एक कोयता व्हता, अन् मी त्या कोयत्याच्या मागं मागं, मोळी बांधायला उसाचा पाला हातात देणारी. काय सांगू तुम्हाला, समोर ऊस, मागं तोडलेला ऊस, उद्या ऊस, परवा ऊस, एक फड संपला की दुसऱ्यात, अन् दुसरा फड हुबेहूब पहिल्यासारखा. माय दुपारची घडीभर लवंडली तरी तिचं उजवं मनगट हलत राहायचं, झोपेतबी ती तोडीतच व्हती. मी ते बघायचे अन् मला भ्या वाटायचं. फडात साप निघायचे, त्याचं कधी वाटलं न्हाई, पण त्या मनगटाचं वाटायचं. ते मी लहानपणीच ठरवलतं, काय बी होऊ दे, असलं मनगट मी माझं होऊ देणार न्हाई.

फिल्म म्हणाल तर पहिली फिल्म मी लग्नाचीच बघितली. उन्हाळ्यात आमी गावाकडं परत आलतो, तवा गावातल्या एका बड्या शेतकऱ्याच्या घरचं लग्न झालतं, त्याची कॅसेट त्यांच्या अंगणात लावली. सगळं गाव बघायला बसलं. त्या लग्नात माय पत्रावळ्या उचलायला गेलती अन् मी तिच्यासंगं. तर बघता बघता पंगत आली, अन् कोपऱ्यात मी. डोक्यावर पाण्याची घागर, एक हात वर, अन् बाई, खरं सांगते, पापणी लवेस्तोवर दिसले. मी वरडले, मागं घ्या की वो, मागं घ्या, मी व्हते. घरधनी म्हणले, ए पोरी, तुझ्यात काय बघायचं हाय, बस खाली. सगळे हसले. माय बी हसली. मी खाली बसले, पण ती घागरवाली पोरगी माझ्या डोळ्यापुढून गेली न्हाई. मी रोज पाणी आणीत व्हते, पण पाणी आणताना मी अशी दिसते, हे मला ठावं नव्हतं.

सातवीपर्यंत शिकले, तेबी तुकड्या-तुकड्यानं. लग्न झालं अन् अंबाजोगाईला आले. मालक जीप चालवतात, केज ते अंबाजोगाई, अंबाजोगाई ते केज. त्यांच्या वळखीचा बालाजी, त्याचं फोटो अन् शूटिंगचं दुकान, तिथं झाडझूड करायला लागले. बालाजी मिक्सिंग करायला बसला की त्याला पाहुणे वळखू येत नसत, नवरीकडचा कोण, नवरदेवाकडचा कोण, सगळा गोंधळ. मी झाडता झाडता म्हणायचे, भाऊ, ही नवरीची मावशी हाय, हिचं नाक बघा की. नाकावरनं मी घराणी लावायचे. बालाजी हसला, म्हणला, बस बे इथंच, अन् मंग म्हणला, चुकलो, बस ताई. असं मी शिकले. माउस धरायला शिकले, कापायला, जोडायला, गाणं टाकायला, नवरा-नवरीला गुलाबाच्या फुलात बसवायला. पुढं त्यानं कॉम्प्युटरची मशीनच घरी आणून दिली, म्हणला, दुकानात शटर खाली करून बसण्यापेक्षा घरी कर. पहिल्या दिवशी मी मशीनीला हळद-कुंकू लावलं. सुटले, म्हणलं. आता रोज सिनेमा.

पण बाई, लग्न म्हणजे काय असतं ते मिक्सिंगवालीला विचारा. हळद, वरात, सत्कार, अक्षता, पंगत, अन् पोरगी वाटं लावताना रडारड. परत हळद, वरात, सत्कार. तेच गाणं, तोच बँड, तेच फुगे. पहिल्या वर्षी मी पोरी रडल्या की रडायचे. तिसऱ्या वर्षी रडारड आली की घड्याळ बघायचे, झालं, आता संपतंय. अन् एक दिवस काय झालं, सकाळी चहा घेऊन बसले ते दुपारपर्यंत एक लग्न कापीत व्हते, पंगतीपर्यंत आले, अन् ध्यानात आलं की हे लग्न मी गेल्याच आठवड्यात करून दिलंय. चुकून तेच उघडलं व्हतं. अर्धं लग्न झालं तरी मला कळलं न्हाई. नवरी तीच, आई तीच, नाकं तीच, मला, मला, नाकावरनं घराणी लावणारीला कळलं न्हाई!

त्या दुपारी मी अंग टाकलं तर माझी पोरगी सांगती, आई, तुझं बोट हलतंय. झोपेत माझं बोट माउस दाबीत व्हतं. मी उठून बसले अन् मायचं मनगट डोळ्यापुढं आलं. म्हणलं, शिवकन्या, फडातून निघालीस अन् फडातच येऊन बसलीस.

मालकाला सांगितलं. ते म्हणले, मी रोज केज-अंबाजोगाई करतो, मला का न्हाई येत कंटाळा? मी म्हणलं, तुमच्या गाडीत रोज येगळी माणसं बसतात. तर म्हणतात कसे, अन् तुझ्या लग्नात काय रोज तीच बसतात?

गडी बोलून गेला अन् घोरायला लागला, पण मी त्यांचं ते बोलणं धरून बसले. दुसऱ्या दिवशी नेम केला. काम सोडणार न्हाई, पण एका लग्नात एक तरी गोष्ट अशी शोधायची की जी ह्याच्या आधी कुठल्याच लग्नात बघितली न्हाई. ती सापडल्याबिगर मशीन बंद करायची न्हाई. अन् बाई, ती नवरा-नवरीत नसते. जे कापून टाकायचं असतं, कॅमेरा चुकून चालू राहतो, त्याच्यात असते. फेटे बांधणाऱ्यानं सगळ्या टाचण्या दातात धरल्यात अन् त्याला शिंक आलीय. आचारी वरणाचा थेंब तळहातावर घेऊन डोळे मिटून चाखतोय, देवापुढं उभा राहिल्यासारखा. एक आत्या आरशासमोर हसायची तालीम करतीय, एकदा दात दाखवून, एकदा झाकून. जनरेटरवाला त्या धडधडीला पाठ टेकून झोपलाय, अन् जनरेटर बंद पडला तसा दचकून उठला. असे तुकडे मी येगळे ठेवायला लागले. कुणाला दाखवायचे न्हाईत. माझी भूक तेवढ्यावर भागायला लागली. लग्नं तीच, पण मी सकाळी मशीन लावताना म्हणायचे, आज काय निघतंय बघू.

आता तात्यांचं सांगते. एक मोठं घर, केज तालुक्यातलं, नाव नका लिहू. पूजाचं लग्न. तात्या म्हणजे पूजाचे थोरले चुलते, माजी सरपंच. तुमच्या नातवंडांना हे ठावं नसंल, आमच्याकडं अक्षता पडायच्या आधी सत्कार असतात. माइकवर नाव पुकारायचं, फेटा बांधायचा, शाल टाकायची, फोटो. एक पुढारी आला की दुसरा, दुसरा झाला की त्याचा मेव्हणा. मुहूर्त गेला तरी सत्कार चालू. अन् मिक्सिंगचा कायदा असा, की नवरीचं तोंड कमी दिसलं तर चालंल, पण एकबी सत्कार कापायचा न्हाई. कापला तर रुसवा पिढ्यान्‌पिढ्या.

त्या लग्नात बालाजीनं दुसरा कॅमेरा बायांच्या बाजूला लावला अन् तो चालूच राहिला. त्याच्यात मला एक म्हातारी सापडली. तोंड दिसत न्हाई, नुसता गुडघा, पदराचा काठ अन् त्याच्यावर ठेवलेली मूठ. आमच्यात ज्वारी रंगवून अक्षता करत्यात, ती तिनं मुठीत घेतलेली. माइकवर सत्कार चालूयत, ऊन तापलंय, अन् ती मूठ झाकलेली. आजूबाजूच्या बाया अक्षता पदरात टाकून वारा घेतायत, पोरं त्या एकमेकाला फेकून मारतायत, पण हिची मूठ सुटंना. शेवटी मंगलाष्टका सुरू झाल्या, तिनं मूठ उघडली, अन् बाई, दाणे पडंनात. घामानं रंग सुटला व्हता, सगळा तळहात गुलाबी, अन् ज्वारी त्याला चिकटलेली, कणसाला असावी तशी. दुसऱ्या हातानं तिनं एक-एक दाणा सोडवून फेकला. एवढंच.

मी ते किती वेळा बघितलं, सांगता येणार न्हाई. मला घागरवाली पोरगी आठवली. म्हणलं, हे येगळं न्हाई ठेवायचं, हे फिल्ममधीच जाईल. अन् टाकलं.

इथं माझी चूक झाली, ती चूकच व्हती, मी नाकारीत न्हाई. तो तुकडा टाकायचा व्हता मंगलाष्टकांच्या तोंडाला, अन् तो जाऊन पडला सत्कारावर. आवाज खालचा तसाच राहिला, चित्र तेवढं वरनं झाकलं गेलं. अन् कुणाच्या सत्कारावर पडावा? तात्यांच्या.

अधिक महिना व्हता. त्यात लग्नं नसतात, म्हणून आमची तुंबलेली कामं तवाच निघतात, अन् त्याच महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, म्हणून सगळ्यांना फिल्म तवाच पाहिजे असते. पूजाच्या माहेरी जावई आलेला, व्याही आलेले, ताटं वाढलेली, टीव्हीवर फिल्म. अन् माइकवर आवाज येतो, आता गावाचे आधारस्तंभ, माजी सरपंच, आदरणीय तात्यासाहेब यांचा सत्कार, टाळ्या, अन् टीव्हीवर काय, तर म्हातारीचा गुलाबी तळहात! जावई फिस्सकन हसला. मंग सगळं घर हसलं. तात्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात गाडी. तात्या अन् मागं बालाजी, तोंड उतरलेलं. तात्या खुर्चीवर बसले न्हाईत. म्हणले, तूच का ती मिक्सिंगवाली? मी म्हणलं, व्हय. म्हणले, माझ्या नावावर हात दाखवतीस? मी म्हणलं, तात्या, चूक झाली, पाया पडते, आत्ता तुमच्यासमोर तुमचा सत्कार जोडून देते, शालीच्या घडीसकट. म्हणले, अन् तो हात काढ. मी म्हणलं, हात त्याच्या जागी नेऊन ठेवते, अक्षतांजवळ. तात्या म्हणले, काढ म्हणलं ना. मी म्हणलं, तो न्हाई काढणार.

बालाजी म्हणला, ए शिवकन्या, डोकं फिरलं का? तुझ्या काकाचं लग्न हाय का? तात्या म्हणले, लग्न आमचं, खर्च आमचा, अन् फिल्ममधी कोण राहायचं हे तू ठरवणार? मशीन बालाजीची, काम बालाजीचं. हे गेलं तर काय, हे मला ठावं व्हतं, परत दुसऱ्याच्या दारात झाडू, न्हाईतर कोयता. पण तोंडातून निघालं ते निघालं. म्हणलं, तात्या, लग्न तुमचंच हाय, पण ही बी तुमचीच वऱ्हाडी हाय. तुमच्या फेट्यांना जेवढा वेळ लागला तेवढा वेळ ही मूठ झाकून बसली. तुमच्या पुतणीसाठी धरलेल्या अक्षता तिनं खाली पडू दिल्या न्हाईत. अख्ख्या मांडवात मला एवढी एकच दिसली. एकदा बघा, मंग काढा म्हणा.

तात्या म्हणले, लाव.

लावलं. बघितलं. परत लाव म्हणले. तिसऱ्यांदा ते खुर्चीवर बसले. पदराचा काठ बघून म्हणले, ही गोदा हाय. आमच्या वस्तीवरची. मंग म्हणले, हिला पाणी तरी दिलं का रे कुणी? मला वाटलं, पाझरला माणूस. तर उठले, उपरणं झटकलं अन् म्हणले, माझा सत्कार पूर्ण जोड. फेट्याचा तुरा दिसला पाहिजे. अन् ते झाल्यावर ठेव तिचा हात. आधी मी, मंग ती.

अहो, मला हसू आवरंना, मी पदर तोंडाला लावला.

फिल्म वाचली, पण माझं काम गेलं. गाडी निघून गेल्यावर बालाजी म्हणला, तू पार्टीला माझ्यासमोर उलटून बोललीस, उद्या माझा धंदा बसंल. पुढची लग्नसराई त्यानं परळीच्या एका पोराला दिली, तो मोबाइलवरच फटाफट जोडतो. मशीन तेवढी न्यायला आला न्हाई, जुनी झालती. मी रोज सकाळी ती पुसायचे, चालू करायचे, माझे येगळे ठेवलेले तुकडे बघायचे अन् बंद करायचे. सासू म्हणायची, कशाला ईज जाळतीस? मी म्हणायचे, जळू द्या. बालाजीकडं हात जोडून परत जायला मन धावत नव्हतं असं न्हाई, मन धावत व्हतं, मीच जाऊ दिलं न्हाई.

तिकडं पूजानं काय केलं, तो तळहाताचा तुकडा सगळ्यांना फोनवर धाडला. ही आमची गोदामाय, हिनं मला न्हाऊ घातलंय, असं लिहून. ते फिरत फिरत गोदामायच्या सुनेकडं गेलं, अन् दसऱ्याच्या आधी ती सून माझा पत्ता काढीत आली. म्हणली, ताई, आमी आता उसाला चाललो, आमच्यावर कोण फिल्म काढतंय? आमीच फोनवर काढून आणतो, तुमी जोडून द्या. काढून काय धाडलं पहिल्यांदा? सगळे रांगेत उभे, डोळ्यावर काळे चष्मे, मागं गाणं. मी फोन केला, म्हणलं, उभं राहू नका गं, कॅमेऱ्याकडं बघू नका, काम करताना काढा. ती म्हणली, कामात काय बघायचं? मी म्हणलं, ते माझ्यावर सोड.

मंग यायला लागले तुकडे. अन् बाई, मी त्या फडातून पळालेली बाई, मी खुर्ची पुढं वढून बसले. दव पडलेला ऊस, पात्याच्या टोकावर थेंब, अन् कोयता बसला की सगळे थेंब एकदम पाऊस पडल्यासारखे. पांढरे तुरे वाऱ्यानं एकाच बाजूला झुकलेले. बैलाच्या शिंगाला कुणीतरी बांधलेली लाल रिबीन. झोळीतलं लेकरू उसाच्या पाल्याची सावली पकडायला बघतंय. एवढ्या वर्षांत मला हे दिसलं नव्हतं. ते तिथंच व्हतं, मीच मान खाली घालून मोळ्या बांधीत व्हते.

दहा मिनिटांची फिल्म झाली. माय आता माझ्यापाशीच असती, तिला कोयता धरवत न्हाई. तिला टीव्हीसमोर बसवलं अन् लावली. तिनं सगळी बघितली. संपल्यावर म्हणली, एवढा देखणा असतो व्हय गं ऊस? मला तर कधी दिसला न्हाई. मी फुगले. अन् मंग ती म्हणली, सगळं दाखवलंस, शिवे, पण कंबर कुठं हाय?

मी म्हणलं, कसली कंबर? म्हणली, मोळी उचलून उभं राहताना बाईची कंबर धरते, हात मागं जातो, तोंड वाकडं होतं. दिवसातून शंभरदा. ती कुठं हाय?

बाई, ती व्हती. गोदामायच्या सुनेनं ते धाडलं व्हतं, तिच्या जावेचं, मोळी टाकून सरळ होताना, हात कमरेवर, डोळे घट्ट मिटलेले. मीच कापून टाकलं व्हतं. चांगलं दिसत न्हाई म्हणून. तात्यांपुढं एवढी ताठ उभी राहिले अन् स्वतःच्या मायची कंबर मीच काढून टाकली. उठले, मशीन लावली, कापलेल्यातनं तो तुकडा शोधला अन् देखण्या तुऱ्यांच्या मधोमध बसवला. मायला परत दाखवलं. ती बघत बघत आपलाच हात मागं कमरेवर घेऊन गेली, तिला कळलंबी न्हाई. म्हणली, हां. आता हाय ती मी.

तीच फिल्म आता फडाफडात फिरतीय. ह्या वर्षी ऊसतोडीच्या तीन टोळ्यांनी आपले तुकडे आणून दिलेत. त्यांच्याकडं द्यायला काय असतं, कुणी ज्वारी आणतं, कुणी गूळ. बालाजी परवा रस्त्यात भेटला, म्हणला, ताई, मोठ्या पार्ट्या आजकाल विचारतात, ते हातासारखं काहीतरी टाका, ये परत. मी म्हणलं, येते, पण काय काढायचं अन् काय ठेवायचं हे मी ठरवणार. इचार करतो म्हणला. करू दे. मला घाई न्हाई, मशीन चालू हाय.

भ्या गेलं का म्हणता? न्हाई गेलं. अजूनबी दुपारी पडले की पोरीला सांगते, माझ्या बोटाकडं बघ गं. हललं तर उठव. उठले की आधी त्या दिवसाची नवी गोष्ट शोधते, मंग चहा. तुमच्या नातवंडांना तिकडं रोज तेच घर, तीच गाडी, तेच काम असंल, त्यांना सांगा, शिवकन्या मावशी म्हणती, बघत राहा, काहीतरी कापून टाकलेलं असतंच. देव त्यांची नजर शाबूत ठेवो, अन् कंबर बी. अन् बाई, तुमी हे लिहून धाडताय तर जसंच्या तसं धाडा. कागद कमी पडलाच तर बालाजीचं काढा, तात्यांचं काढा. मायची कंबर तेवढी काढू नका.